सिद्राममामाची हाक

मी जलमलो ते मेंढरातच. हसू नका, खरं सांगतो, आमचा बा मेंढरं घिऊन मंगळवेढ्याच्या माळानं चालला हुता आन आईला वाटंतच कळा सुरू झाल्या, तितंच बिऱ्हाड उतरलं, आन आई सांगती की मी पयल्यांदा रडलो तवा बा भायेरनं इचारतोय, कोकरू झालं का काय. तवापासनं मी आवाज काढतोय म्हना की. पाच-सा वर्साचा असताना मेंढीचा आवाज असा काढायचो की आई मेलेलं कोकरू धावत माज्याकडं यायचं आन माजी बोटं चोखायचं, मंग बा त्येला दुसऱ्या मेंढीखाली लावायचा. बा म्हनायचा, बिऱ्या, तुजं तोंड म्हंजे देवानं दिल्यालं हाय, पन जपून वापर, कोकराला फसवून दूध पाजलंस तर पुन्य हाय, नुसतं फसवलंस तर पाप हाय. मी काय ध्यानात ठिवतोय, मी बारका.

शाळा नववीपतूर झाली. नववीतच बंद का पडली ते बी सांगतो. हेडमास्तर नाकात बोलायचं, शेवटचा शबूद लांबवायचं. एक दिस मी खिडकीच्या मागनं त्यंच्या आवाजात म्हनलं, अरे शंकऱ्या, घंटा दे रेऽऽ. शिपायानं दिली घंटा. दुपारी बाराला आक्खी शाळा सुटली, पोरं घरला, मास्तर लोक बी निम्मं घरला. दुसऱ्या दिशी माज्या पाठीवर छडी किती येळा पडली ते इचारू नका, पन सांगू का, मारताना बी मास्तर नाकातच वरडत हुतं आन मला हसू येत हुतं, म्हनून ज्यादा पडली.

मंग आला बहात्तरचा दुष्काळ. मेंढरं काय ऱ्हायली न्हाईत. बा आन आई दुष्काळी कामावर खडी फोडाय लागली, आन आमी ह्या गावात टेकावरच्या वस्तीत ऱ्हायला आलो. गावाचं नाव लिवू नका, सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नगरपालिका हाय, अर्धी मानसं मराठी बोलत्यात, अर्धी कानडी, आन भांडताना समदी दोनी बोलत्यात, एवढं बास.

खडीच्या कामावर दुपारच्या सुट्टीत मी नकला करायचो. एक दिस नगरपालिकेच्या मोठ्या साह्यबाची करत हुतो. ते पँट वर वढत चालायचं, आन दर दोन शबदाला, काय आहे की, काय आहे की. मानसं हसत हुती, मंग एकदम गप झाली. मला वाटलं नक्कल पडली, म्हनून आनि जोरात केली. मागं बगतोय तर साह्यब. पँट वर वढत म्हनलं, काय आहे की, उद्या हापिसात ये.

आई रातभर रडली, पोरगं आता जेलात जानार म्हनून. मी गेलो तर साह्यबानं पत्र्याचा कर्णा हातात दिला. म्हनलं, तुजा आवाज लांब जातो, गावात सांगत फिर, देवी टोचायची कवा, नळाला पानी कवा. रोजंदारी. असा मी सरकारी झालो. म्हंजे अर्धा सरकारी, रोजंदारी म्हंजे काय, ताटावर बसवायचं पन पाट द्यायचा न्हाय.

तितं मला सिद्राममामा भेटला. आता हितनं नीट ऐका.

सिद्राममामा म्हंजे गावाचा पान्याचा चावीवाला. रस्त्यात जागजागी लोखंडी झाकनं असत्यात, त्येच्या खाली खड्ड्यात वाल असतो, छातीइतकी उंच लोखंडी चावी त्येच्यावर बसवायची आन फिरवायची, म्हंजे त्या गल्लीला पानी सुटतं. असं अकरा वाल हुतं. तुमी म्हनाल चावी फिरवायला काय अक्कल लागती. मला बी असंच वाटलं. मी पयल्या दिशी म्हनलं, मामा, आना हिकडं, मी फिरवतो. मामानं चावी दिली. मारुतीच्या देवळाम्होरचा वाल हुता, मी आपला उघडाय लागलो आन पार घट्ट झाकून बसलो. मामा हसला. म्हनला, लेका, ह्यो उलटा हाय. जुना फुटला तवा दुसरीकडचा काढून आनून बशिवला, त्यो उलटा फिरतो. समदे उजवीकडं झाकत्यात, ह्यो डावीकडं. आन ह्येच्यावर आपली टेकावरची वस्ती हाय.

तेवढंच न्हाय. टेकाव पानी चढवायचं तर आदी खालचं तीन वाल बंद पायजेत, सुतार गल्लीचा अर्धा, बाजारपेठेचा सात फेरे सोडून, असलं समदं मामाच्या डोस्क्यात. हापिसात नकाशा हुता, भिंतीला टांगल्याला, पन त्यात उलटा वाल बी न्हाय आन फेरे बी न्हाईत. मामाला लिवता येत न्हाय, आन लिवता येनाऱ्यानं कुनी मामाला इचारलं न्हाय. एकोनीस वर्सं मामा रोजंदारीवर. दर वर्सी म्हनायचं, औंदा कायम करत्यात. कायम झालो की गनवेश मिळंल, खाकी, पितळी बटनाचा. मामाला त्या बटनाचं लई येड हुतं.

आन मामाची हाक. चावी फिरवून झाली की मामा चावीच्या दांड्याला कान लावायचा, डोळं मिटायचा, आन आतनं पान्याचा आवाज आला की मंग हाक, मराठी-कानडी एकत्र, भांडी मांडा गंऽऽ, नीरु बंतूऽऽ. नीरु बंतू म्हंजे पानी आलं. मी म्हनायचो, मामा, आदी हाक मारा की, बाया तयारीत ऱ्हातील. मामा म्हनायचा, येनार येनार म्हनून समदं सरकार हाक मारतंय, आपन आल्यावरच मारायची. आन खरंच सांगतो, मामाची हाक आली आन नळाला पानी न्हाय असं एकोनीस वर्सांत झालं न्हाय. बाया चुलीवरची भाकर टाकून यायच्या.

मंग एक दिस नगरपालिकेच्या फळ्यावर कागद लागला. मीच कर्णा घिऊन वाचला गावभर, मला काय कळतंय, पानीवाटपाचं काम हितनं म्होरं ठेक्यानं देन्यात येत हाय, नागरिकांनी सहकार्य करावं. वाचता वाचता चौकात मामा उभा. म्हनला, बिऱ्या, परत वाच. मी परत वाचलं. मामा म्हनला, ह्यात मी कुटं हाय रं.

मामा साह्यबाकडं गेला. साह्यब म्हनलं, काय आहे की सिद्राम, वरनं आलंय, खर्च झेपत न्हाय, ठेकेदार आपली मानसं आननार. मामा म्हनला, मंग मला कायम करनार हुता ते. साह्यब म्हनलं, काय आहे की. आन पयल्यांदा तेवढ्यावरच थांबलं.

मामाकडनं चावी जमा करून घेतली. एकोनीस वर्सं खांद्यावर वागवल्याली, दांडा हाताला घासून आरशावानी झाल्याला. कारकुनानं वहीत लिवलं, लोखंडी चावी एक. बास.

त्या सांजंला मामानं मला बोलावलं. म्हनला, तुला ठेवनार हाईत, आवाजासाठनं. ती तुला इचारतील, उलटा वाल कंचा, फेरे किती. तू सांगायचं न्हाईस. आठ दिस जाऊ दे, पानी चढनार न्हाय, मंग मोठं साह्यब सोता बोलावतंय का न्हाय बग, आन मी अट घालनार, आदी कायम करा, मंग चावी. असं म्हनून बिरोबाचा भंडारा म्होरं ठिवला. आमच्यात भंडारा उचलला म्हंजे शपथ, हळदीची चिमूट कपाळाला लावायची, मंग मान गेली तरी बोलायचं न्हाय. मी उचलला. सांगू का, मला तवा गंमतच वाटली. साह्यबाला मामाच्या दारात पँट वर वढत येताना बगायचं, मी तर त्येची नक्कल बी आदीच बशिवली हुती.

ठेकेदार सोलापूरचा, त्यो काय दिसायचाच न्हाय, त्येचा मानूस दत्तू फिटर. मानूस वंगाळ न्हवता, हां. नकाशाची घडी खिशात, कानावर पेन्सिल. मला म्हनला, बिरू, तू हुतास की सिद्रामबरूबर, सांग की कसं हाय ते. मी त्वांड असं केलं, शाळंत करायचो तसं, म्हनलं, दत्तूआण्णा, मी नुसता कर्ण्यावाला, मला चावी कुटं लावत्यात ते बी म्हाईत न्हाय. दत्तूनं नकाशा बगून वाल फिरवलं. बाजारपेठेत गटारं भरून वाहिली, मानसं धोतर वर करून चालाय लागली. आन टेकावर थेंब न्हाय. देवळाम्होरचा वाल दत्तू रोज उघडायचा, म्हंजे त्येला वाटायचं उघडतोय, रोज आनि घट्ट झाकायचा.

एक दिस गेला, दोन गेलं, चार गेलं. आता काय सांगू तुमाला, मी शपथ घेतली ती गंमत म्हनून, पन मी बी टेकावरच ऱ्हातो की. माजी आई कळशी घिऊन खानीच्या डबक्याव जायाची, अर्ध्या कोसावर, हिरवं पानी, फडक्यातनं गाळून घ्यायची. शेजारच्या गंगूआत्याची दोन नातवंडं ढाळानं पडली. गंगूआत्याच्या जिभंला हाड न्हाय. मला म्हनली, काय रं कर्ण्या, पानी सुटलं सुटलं म्हनून सांगत फिरतोस, कुटं सुटलं, तुज्या बायकूच्या म्हायेरात? मी म्हनलं, आत्या, माजं लगीनच झालं न्हाय. म्हनली, व्हय, आन हुनार बी न्हाय, बिनपान्याच्या घरात कोन पोरगी देतंय.

मी मामाकडं गेलो. म्हनलं, मामा, पोरं आजारी पडली. मामा भिताडाला टेकून बसल्याला, व्हट सुकल्यालं, त्येच्या बी घरात तेच हिरवं पानी. म्हनला, मला कळतंय. पन आज नगरपालिकेचा ओव्हरशेर येऊन गेला. म्हनला, साह्यब सोमवारी बोलावून तुला कायम करनार हाय, कागद तयार हाय. आज शुक्कीरवार. दोन दिस, बिऱ्या. एकोनीस वर्सं थांबलो, दोन दिस थांब. मी म्हनलं, बरं. एवढ्या जवळ आलं हुतं बगा. दोन दिस.

रव्वार उजाडला. आमच्या वस्तीत वरच्या अंगाला सरकारी नळ हाय, त्येच्या कट्ट्यावर बाया बसल्याल्या, कळश्या रिकाम्या, तोंडं उतरल्याली. गंगूआत्या म्हनली, बिऱ्या, पानी तर न्हाय, निदान हसीव तरी. मी साह्यबाचं केलं, हसल्या. दत्तू फिटरचं केलं, कानावरची पेन्सिल हुडकतोय आन ती कानावरच हाय, लई हसल्या. पोटुशी एक पोरगी हुती ती पोटाला हात लावून म्हनली, बास, बास. मला चेव आला. कलाकाराचं असं असतंय बगा, मानसं हसाय लागली की त्येला कुटं थांबायचं ते कळत न्हाय. एक जन म्हनली, सिद्राममामाचं कर की.

मी उठलो. वाकलो, हातात चावी हाय असं धरलं, दांड्याला कान लावला, डोळं मिटलं. आन मामाच्या आवाजात, पोटातनं, हाक दिली. भांडी मांडा गंऽऽ, नीरु बंतूऽऽ.

कट्ट्यावरच्या बाया हसल्याच न्हाईत. मी डोळं उघडलं. खालच्या बोळातनं, वरच्या बोळातनं, बाया पळत येत हुत्या. हंडे, कळश्या, घागरी, एकीच्या हाताला पीठ, एकीची वेनी अर्धी. त्येंनी नक्कल कुटं बगितली हुती, त्येंनी हाक ऐकली हुती. नळाम्होरं रांग लागली, भांड्याला भांडं. मी म्हनलं, अवो, मी केला, गंमत केली. कुनी ऐकनाच. आन सगळ्यात म्होरं धोंडाबाई म्हातारी, एकटीच ऱ्हाती, घागर नळाखाली ठिवली आन तोटी फिरवली. कायच न्हाय. परत फिरवली. मंग म्हातारीनं दगूड उचलला आन तोटीवर ठक ठक मारायला लागली. मी म्हनलं, म्हातारे, पानी न्हाय आलं, ती खोटी हाक हुती. म्हातारी माज्याकडं बगनाच. म्हनली, सिद्राम बोलला पानी आलं म्हंजे आलंय. नळातच कायतरी आडाकलंय. ह्यो नळ खोटा हाय. आन परत ठक, ठक, ठक.

मामा त्येच्या दारात उभा हुता. त्येनं बी ऐकलीच की हाक. सोताची हाक सोताच्या दारात ऐकल्याली. त्येनं ती रांग बगितली, म्हातारीचा दगूड बगितला. माज्याकडं बगितलं, पन शिवी दिली न्हाय. शिवी दिली आसती तर लई बरं झालं आसतं. नुसता पटका बांधला, वहाना घातल्या आन टेकाडावनं खाली निगाला. मी मागनं पळालो, मामा, उद्या सोमवार हाय, मामा, मी सांगतो समद्यास्नी की मी केली गंमत, एक दिस थांबा. मामा चालता चालता म्हनला, हाक माजी हाय. कुनी बी मारू दे.

देवळाम्होरं दत्तू फिटर चहा पीत हुता. मामा म्हनला, चावी घे आन चल माज्याबरूबर. आन त्या मानसानं अकराच्या अकरा वाल दावलं. ह्यो सात फेरे, ह्यो अर्धा, ह्यो आदी बंद, मंग त्यो. दत्तू लिवून घेत हुता, नकाशाच्या पाठीमागं. उलट्या वालापाशी आलं तवा दत्तूनं लई जोर लावून झाकून ठिवल्याला, हलंना, मंग मामानं सोता दांडा धरला, मी बी धरला, आन तिघांनी मिळून उजवीकडं फिरवला, आनि फिरवला, आन करकर करून त्यो सुटला. मामानं दांड्याला कान लावला. लई येळ लावला. मंग वर टेकाकडं त्वांड करून हाक मारली. पन गळा सुकल्याला, आवाज फुटलाच न्हाय. मला म्हनला, तू मार. मी म्हनलं, मामा, मी न्हाय. म्हनला, मार, आता खरी हाय. मी मारली.

वरनं बायांचा गलका ऐकू आला, तवा मामा देवळाच्या पायरीव बसला.

सोमवारी साह्यबानं मामाला बोलावलं न्हाय. कशाला बोलावनार, पानी तर येत हुतं. उलट ठेकेदाराच्या कामाचं बरं बोललं, आठ दिसांत घडी बसली म्हनून. ओव्हरशेर मामाला बाजारात भेटला, खाली मान घालून निगून गेला. गंगूआत्याची नातवंडं वाचली. म्हंजे मामानं वाचवली म्हना, का मी वाचवली म्हना, का मीच पयले चार-पाच दिस गप बसून त्येंला पाडलं म्हना, ह्येचा हिशोब मला अजून लागत न्हाय. भंडाऱ्याची शपथ मी मोडली न्हाय, कुनाला एक वाल सांगितला न्हाय. पन जिभेनं सांगितलं न्हाय ते जिभेनंच घालवलं. बा म्हनायचा ते, नुसतं फसवलंस तर पाप, ते मला तवा आठावलं, लई उशिरा आठावलं.

ह्येला झाली तीन वर्सं. दत्तू फिटर गेला दुसऱ्या गावाच्या ठेक्यावर, चावी आता माज्याकडं हाय, तीच, मामाची. ठेकेदाराची मानसं आमी, गनवेश न्हाय, कायम न्हाय, आजारी पडलं की दुसरा. मामानं दोन शेरडं घेतल्यात, दारात बसून असतो. मी पयले सा म्हयने हाक मारली न्हाय, नुसता कर्ण्यात बोलायचो, मधल्या आळीला पानी सोडन्यात आलेलं हाय. बाया यायच्याच न्हाईत. मंग मामानंच सांगितलं, हाक मार लेका, पन दांड्याला कान लावल्याबिगार न्हाय. तवापासनं मारतो, त्येच्याच आवाजात. मामा आपल्या दारात ऐकतो आन तांब्या घिऊन उठतो. बाकी समद्यांच्या नकला आजून करतो मी, साह्यबाची करतो, तुमची बी करीन तुमी गेल्यावर. मामाची करत न्हाय. ती आता नक्कल न्हाय.

आन धोंडाबाई म्हातारी रोज नळावर येताना घागरीबरूबर दगूड आनती. मी म्हनलं, म्हातारे, आता कशाला. म्हनली, नळासाठनं न्हाय, तुज्यासाठनं. परत खोटी हाक मारलीस तर आता नळाला न्हाय मारनार. अजून येळ आली न्हाय, बिरोबाची किरपा.

आता म्हनत्यात पाडव्यानंतर नवा ठेकेदार येतोय. त्यो हाक-बिक ठेवनार न्हाय, नगरपालिकेच्या गच्चीव विजेचा भोंगा बशिवनार, ठरल्या टायमाला आपला आपला वाजनार, पानी येवो न येवो. मला ठेवत्यात का न्हाय कुनाला म्हाईत. जाऊ द्या, मेंढरात जलमलो, मेंढरं कुटंतरी मिळतीलच. पन म्हातारीनं मला काल इचारलं, बिऱ्या, त्यो भोंगा खोटं बोलला तर मी दगूड कुनाला मारायचा रं, त्यो तर गच्चीव.

चला, तुमचं बी भलं हू दे, एवढं ऐकून घेतलंत. टेकावरच्या पान्याची येळ झाली, मला उठाय पायजे. हितंच बसा, हाक ऐकू यील. ऐकू आली तर तांब्या मांडा बिनघोर.